उखळाची जागा

पाम गावात ज्या घरात आमचं भूकंपमापक बसवलं होतं, तिथल्या काकूंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "खाली ज्वालामुखी हाय का वो?" मी हसून सांगितलं की इथले ज्वालामुखी कधीच थंड झाले, तुमच्या विहिरीतला काळा दगड त्यांच्याच लाव्ह्याचा, आता जमीन हलते ती खालच्या जुन्या भेगा सरकतात म्हणून. त्यांनी मान डोलावली आणि माझ्यापुढे चिकू ठेवले. माझं बोलणं पटलेलं नव्हतं, हे दिसत होतं.

घर वाडीतलं, माणसं दोनच, काका आणि काकू. कोठीच्या खोलीत खड्डा करून आम्ही यंत्र ठेवलं होतं. दर महिन्याला मी सरावलीहून स्कूटरने जायचे आणि नोंदी उतरवून आणायचे. माझा स्वभाव किरकिरा. नोंद स्वच्छ हवी म्हणजे हवीच. आणि या नोंदीत रोज दुपारी ठोक्यांची एक रांग उमटायची. शोध घेतला तर शेजारच्या स्वयंपाकघरात काकू उखळात मिरच्या नाहीतर सुकट कुटत असायच्या. "काकू, हे मागच्या पडवीत न्या ना," मी म्हटलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा आवाज जरा चढलाच होता. पुढच्या खेपेला गेले तर उखळ मागे गेलेलं, पडवीच्या जुन्या दगडमातीच्या भिंतीलगत. मी खूश झाले.

मोठा धक्का बसला त्या दुपारी मी कोळगावला, जिल्हा कार्यालयात बसले होते. टेबल हललं, पंखा डुलला, माणसं जिन्याकडे धावली. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायची लाज वाटते. पामचं यंत्र चालू असू दे, एवढंच आलं.

यंत्र चालू होतं. पडवीची भिंत काकूंच्या अंगावर पडली आणि त्या जागच्या जागी गेल्या. कोठीला आणि स्वयंपाकघराला साधा तडाही गेला नव्हता.

ती नोंद मी किती वेळा पाहिली असेल, सांगता येणार नाही. आधी पडवीतून येणारे पुसट ठोके, मग धक्का, मग काहीच नाही. भिंत नेमकी केव्हा पडली ते त्यातून वेगळं काढता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. इतकी स्वच्छ नोंद आपल्याकडे दुसरी नाही, असं एक सहकारी म्हणाला, तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. अजूनही शेजारी कुणी काही कुटायला लागलं की माझं हातातलं काम थांबतं, आणि ते ठोके थांबू नयेत म्हणून मी मनातल्या मनात विनवत बसते.

काकांकडे मी जात राहिले. ते खोली उघडून द्यायचे, चहा करायचे. त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. पावसाळा सरल्यावर यंत्र दुसरीकडे हलवायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मला राहवेना.

"काका, उखळ पडवीत न्यायला मी सांगितलं होतं."

ते वायर गुंडाळत होते. गुंडाळतच राहिले.

"म्हायती हाय," ते म्हणाले. "पण तिला कुठं उचलत होतं ते? मीच उचलून नेलं."