कवेलूवरचा दात

फोन वाजला की डॉक्टरबाई आधी विचारायच्या, "पोरगं शुद्धीत हाय ना? मंग दात कुठं हाय?" नाव-गाव नंतर. एक आई तर दारातच कडाडली होती, "पोराचं रक्त वाहून राहिलं, अन् बाईले दाताची पडली!"

सौंसरला त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मी कामाला होते. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी, हे माझ्याआधी बाईच पेशंटला सांगायच्या. चहा त्या कोराच घ्यायच्या. सुरुवातीला मी दूध घालून दिला, तर कप परत. "फ्रिजमधलं दूध पडलेल्या दातासाठी हाय. त्याले हात नको लावू."

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. लेकराचा दात पडला की छपराच्या कवेलूवर, कौलांवर फेकायचा, म्हणजे नवा लवकर येतो. रामाकोना गावातल्या एका मुलीला बोरिंगच्या हातपंपाचा दांडा लागला आणि समोरचा दात मुळासकट निघाला. आजीने रीतीप्रमाणे तो फेकूनही दिला. मग बापाचा फोन आला.

"फेकला? चढा वर!" बाई ओरडल्या.

"नवा येईनच ना बाई," मागून आजी.

"आजी, दुधाचा कवाचाच पडला. हा दुसरा. तिसरा देव देत नाही! भाऊ, दात वरून धरा, मुळाले हात नका लावू. घासू नका. दुधात टाका अन् निघा."

फोनवर कवेलू फुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ आजीचा, "माह्यं छप्पर मोडलं वो!"

"कवेलू बाजारात भेटते, आजी. दात नाही भेटत."

स्टीलच्या डब्यात, दुधात बुडून दात आला. बाईंनी तो जागेवर बसवला, बाजूच्या दातांना तारेने बांधला.

"दात मूळ धरीन का?" बापाने विचारलं.

"सांगता येत नाही. उनात पडला होता. पण जगवल्याबिगर सोडणार नाही मी."

पुढे बाप तपासणीच्या एका तारखेला आला नाही. बाई दवाखाना माझ्यावर टाकून थेट रामाकोन्याला गेल्या आणि मुलीला गाडीत घालूनच परतल्या. शेजारी आजी बसली होती, तोंड फुगवून.

दात धरला. रंगाने जरा पिवळा आहे, पण पोरगी तोंड भरून हसते.

गेल्या वर्षी बाई वारल्या. आता मी पांढुर्ण्याला दातांच्याच दुसऱ्या दवाखान्यात आहे. पहिल्याच दिवशी नव्या डॉक्टरांपुढे कोरा चहा ठेवला.

"दूध संपलं का?"

"नाही सर, हाय. पण ते चहासाठी नाही."