पहिल्या शतकातले आमचे साडू

साधासुधा माणूस पाच मिनिटांत अवघड करून ठेवावा, तर तो आमच्या साडूंनीच. अख्ख्या बंगळुरात असा दुसरा कारागीर सापडायचा नाही. सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात जन्म घालवून हा गृहस्थ निवृत्त झाला, वर्षभरात माझी मेहुणी गेली, आणि जे. पी. नगरच्या त्या रिकाम्या घरात यांनी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींचा ध्यास घेतला. भक्तीच्या नावाने शून्य. त्या लोकांची पत्रं आणि शुभवर्तमानं मानववंशशास्त्राच्या चौकटीत बसवायची, म्हणजे कोण कोणाच्या पंगतीला जेवे, मान कोणाला, उपकाराखाली कोण, एवढंच. बरं, मेलेली माणसं बिचारी बसतीलही चौकटीत, पण यांनी जिवंतांनाही सोडलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मी विहीणबाईंना आग्रह करतोय आणि हे त्यांना समजावतायत की आग्रह हा यजमानाने स्वतःचा मान वाढवण्याचा प्रकार आहे. विहीणबाई जिलेबी पानात टाकून उठल्या.

खालच्या मजल्यावर स्टेला अक्का राहतात. ती पत्रं त्या रोज सकाळी वाचतात, पण साडूंच्या मते त्यांना त्यातलं काही कळत नाही. तरी दर नाताळला त्या यांना केक आणि तळलेली गोड कुलकुलं डबा भरून पाठवत, आणि साडू कधीतरी महिन्याभराने तो चकल्या घालून परत करत. मग यांच्या वाचनात भेटवस्तूंचं प्रकरण आलं. घेणारा देणाऱ्याचा मिंधा होतो म्हणे. त्या नाताळला यांनी डबा काट्यावर ठेवला, तेवढ्याच वजनाच्या चकल्या भरल्या आणि तासाभरात खाली नेऊन दिला. वर आता फिट्टंफाट झाली, हेही शास्त्रासकट सांगितलं. अक्का नुसत्या ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पुढच्या नाताळला डबा आला नाही. जिन्यात ‘ऊटा आय्ता?’ म्हणून जेवणाची चौकशी व्हायची, तीही केव्हाच थांबली होती. मेहुणीमागे ते विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. तोलून लगेच परत केलं की नातं तिथेच संपतं, असं साडूंच्याच वहीत पानभर लिहिलेलं होतं. मी ते पान त्यांच्यासमोर धरलं, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. साडूंनी स्वतःचंच पान दोनदा वाचलं आणि वही मिटून ठेवली. इतक्या वर्षांत हे मी प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी ते मेहुणीचं नाव कोरलेला रिकामा स्टीलचा डबा घेऊन खाली गेले आणि मोडक्या कन्नडमध्ये म्हणाले, “अक्का, यंदा मला काही पाठवलं नाहीत.” अक्कांनी तो डबा ठेवून घेतला आणि आपला भरून दिला.

त्याला दोन वर्षं झाली. परवा गेलो तर अक्कांचा डबा यांच्या पुस्तकांवर रिकामाच होता. परत करायचा राहिला का, असं मी विचारलं.

“राहू दे,” साडू म्हणाले. “तेवढं एक राहू दे.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण उतरताना अक्कांच्या खिडकीत मेहुणीचा डबा घासून वाळत घातलेला दिसला, आणि मी तसाच खाली आलो.