झेंडूच्या मळ्यातलं शूटिंग

टीव्हीवर तेव्हा गाण्यांच्या अल्बमची साथच आली होती. दोन हजार एक सालची गोष्ट. नाशिकजवळच्या आमच्या मखमलाबादला घरोघरी केबल आलेली. सकाळची फुलं तोडून झाली की मी आणि साधना टीव्हीसमोर फतकल मारून बसायचो. साधना माझी चुलत बहीण, माझ्याहून थोडी मोठी. एकाच मळ्यात आमची दोन घरं, मधे पाण्याचा हौद. रंगीत टीव्ही त्यांच्याकडे होता, म्हणून मी दिवसभर तिथेच पडीक.

त्या व्हिडिओंचं मला भारी हसू यायचं. एक बाप्या समुद्राकाठी गिटार घेऊन उभा. अंगात कोट आणि पाय उघडे. अरे, वाळूत पाय भाजत नाहीत का तुझे? मग एक पोरगी बसमधून उतरणार, तिची ओढणी उडणार आणि बरोबर त्याच्याच तोंडावर जाऊन बसणार. आमच्या ओढण्या उडाल्या की बाभळीला अडकायच्या. आणि पळायचं काय ते! प्रत्येक गाण्यात कोणीतरी पोरगी पळतेच आहे, तीही सावकाश, केस उडवत. पुढे पुढे तर जुनी गाणी नव्याने कुटून काढायला लागले. आवाज एकीचा, कंबर दुसरीची. मी म्हणायचे, "साधने, ही गाणारी नाही गं. हिच्या गळ्याची शीरसुद्धा हलत नाही." ती म्हणायची, "गप बस भागे, ऐकू दे."

ती बघायची कमी, ऐकायची जास्त. एकदा ऐकलं की दुपारी गुलाबाच्या काड्या छाटताना तेच गाणं तिच्या तोंडात, जसंच्या तसं. आता खरं सांगायला काय लाजायचं? साधना काळी होती. सावळी-बिवळी नाही, काळी. पुढचा एक दात जरा वर आलेला. बघायला आलेली दोन स्थळं चहा पिऊन, पोहे चापून गेली आणि पुन्हा निरोपच नाही. पण गळा असा, की तिने तोंड उघडलं की पाटाचं पाणी लावणारा माणूस फावडं टाकून उभा राहायचा.

आमच्याकडे हळदीला गाणाऱ्या बाया लागतात. गावात कोणाचंही लग्न असो, साधनाला आणि तिच्या आईला, म्हणजे आमच्या नवसाकाकूला, बोलावणं यायचंच. पण गाणाऱ्या बसणार कुठे? मागच्या पडवीत, हळदीच्या परातीपाशी, भिंतीकडे तोंड करून. पुढे नवरीभोवती गर्दी. गाणं सगळ्यांना ऐकू यायचं, गातंय कोण हे बघायला कोणी मान वळवायचं नाही.

अशाच एका हळदीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ललितने तिला ऐकलं. पंचवटीत त्याचा स्टुडिओ होता. नवरीला गुलाबाच्या फुलात बसव, नवरदेवाला चंद्रात बसव, असले उद्योग करून तो लग्नाच्या कॅसेटी मिक्स करायचा. त्याने कॅमेऱ्याचा दिवा बंद केला आणि पडवीत येऊन विचारलं, "हे कोणत्या अल्बममधलं गाणं?"

"कोणत्याच नाही. माझंच आहे," साधना म्हणाली.

खरंच तिचंच होतं. फुलं तोडता तोडता जुळवलेलं. 'पाटीत माझ्या ऊन भरलं, बाजारी कोणी घेईना.' ललित तिथेच परातीशेजारी बसला आणि म्हणाला, "ताई, याचा आपण व्हिडिओ काढू. केबलवर लावू. अख्खं नाशिक बघेल."

त्या दिवशी घरी येताना साधना माझा हात इतका घट्ट धरून चालत होती की बांगडी रुतली. "भागे, आवाज तर सगळेच ऐकतात गं," ती म्हणाली. "एकदा गाताना माझं तोंड दिसलं पाहिजे. लोक म्हणाले पाहिजेत, ही बघा, ही गाते." एवढंच हवं होतं तिला. दुसरं काही तिने कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

गाणं रेकॉर्ड झालं पंचवटीत, भिंतीला गाद्या ठोकलेल्या एका खोलीत. मी सोबत होते. साधनाने डोळे मिटून गायलं. कीबोर्डवाला पोऱ्या शेवटी टाळ्या वाजवत उठला. ललित म्हणाला, "आता शूटिंग. झेंडू पूर्ण फुललेला पाहिजे. पिवळाधम्मक मळा, त्यातून हिरॉइन पळत येते, असा शॉट आहे डोक्यात." मी मनात म्हटलं, आली, पळणारी पोरगी आलीच!

आता झेंडू पूर्ण फुललेला असतो कधी? दसऱ्याला. आणि झेंडूवाला माळी अख्खं वर्ष जगतो त्या दसऱ्यावर. नवमीच्या पहाटे मळा तोडून फुलं गणेशवाडीच्या बाजारात गेलीच पाहिजेत. दसऱ्याच्या दुपारनंतर त्या फुलांना कुत्रं विचारत नाही. ललितने शूटिंग ठेवलं नेमकं नवमीला. साधनाचे वडील, आमचे पुंजारामनाना, दोन दिवस मळ्याला फेऱ्या घालत राहिले. मग म्हणाले, "तोडणी थांबवा. पोरगी टीव्हीवर येती, मळा भरलेला दिसला पाहिजे. तोडू संध्याकाळी." माझे वडील कपाळाला हात लावून बसले. पण लेकीच्या तोंडावरचं हसू बघून नानांचं डोकं फिरलं होतं.

नवमीला ललित आला, कॅमेरा आला, आणि त्याच्या गाडीतून एक गोरीपान पोरगी उतरली. कॉलेज रोडची वैष्णवी. घट्ट जीन्स, मोकळे केस. नाना म्हणाले, "ही कोण?" ललित म्हणाला, "मैत्रीण आहे व्हिडिओत." आम्हाला वाटलं, साधनाची मैत्रीण दाखवणार. तिला परकर-पोलकं घालून तयार केलं तेव्हाही आम्हाला काही उमगलं नाही. काकूने आपली ठुशी काढून तिच्या गळ्यात घातली. स्वतःच्या हाताने!

सकाळभर मैत्रिणीचंच शूटिंग चाललं. मैत्रीण पळते, मैत्रीण हसते, मैत्रीण फुलं उधळते. पळून पळून तिने वाफेच्या वाफे आडवे केले. नाना बांधावर उभे राहून म्हणत होते, "मैत्रिणीचं उरकून घेत असतील आधी, लांब जायचंय तिला." साधना नवी साडी नेसून हौदाच्या कठड्यावर बसली होती. उठली तर साडी चुरगळेल म्हणून जेवलीसुद्धा नाही. दिवस कलल्यावर ललितने तिला हाक मारली. डोक्यावर पाटी दिली, मळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालायला लावलं आणि म्हणाला, "झालं ताई. मस्त!"

"गाणं म्हणताना नाही घ्यायचं?" तिने विचारलं.

"ते मिक्सिंगमधे येतं," ललित म्हणाला. लग्नात नवरी चंद्रात बसते ती मिक्सिंगमधेच, हे आम्ही बघितलेलं. आम्हाला ते पटलं.

फुलं त्या संध्याकाळी तोडून होईनात. निम्मी तुडवलेली. जी निघाली ती दसऱ्याला दुपारी बाजारात पोचली आणि तिथेच ओतून द्यावी लागली. नाना रिकाम्या पाट्या घेऊन परत आले. पण चेहरा हसरा. "पाडव्याला बघा," म्हणत होते.

दिवाळीच्या पाडव्याला केबलवाल्या कुंदनने आपल्या लोकल चॅनलवर गाणं लावायचं ठरवलं. नानांनी टीव्ही ओट्यावर काढला. अंगणात सतरंज्या घातल्या, अख्खी गल्ली बोलावली, चिवडा-लाडू मांडले. साधना तीच साडी नेसून सगळ्यांच्या पुढे बसली.

गाणं सुरू झालं. आधी नुसता मळा दिसला, पिवळा, लांबच लांब. आपला मळा बघून लोकांनी टाळ्या पिटल्या. मग साधनाचा आवाज आला. आणि ओठ हलले ते वैष्णवीचे.

कोणालाच आधी कळेना. वैष्णवी पळतेय, वैष्णवी गातेय, काकूची ठुशी तिच्या गळ्यात उड्या मारतेय. शेवटच्या कडव्यात, वैष्णवीच्या खांद्याच्या मागे, लांब, धुरकट, एक बाई डोक्यावर पाटी घेऊन खाली मान घालून चालत गेली. शेजारची एक म्हातारी टीव्हीकडे हात करून ओरडली, "अगं साधने, तू मागं काय करतीस? पुढं ये की!"

अंगण खो खो हसलं. म्हातारीने काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं, पण हसणाऱ्यांनी सोडलं नाही. एकजण म्हणाला, "मागंच बरी हाय, टीव्हीची काच फुटंल." कोणी म्हणालं, "गडीण म्हणून घेतली काय?" लाडू सगळ्यांनी खाल्ले, अगदी शेवटचासुद्धा. साधना तशीच बसून होती. गाण्याखाली नाव येईल म्हणून मी डोळे फाडून बघत होते. नाव यायच्या जागी रेडिमेड कपड्यांच्या सेलची जाहिरात आली.

दुसऱ्या दिवशी नाना आणि मी ललितच्या स्टुडिओत गेलो. माझ्या डोक्यात नुसती तिडीक. मेला खुर्चीवर रेलून चहा पीत होता. म्हणाला, "नाना, चिडू नका. आवाज ताईचाच ठेवलाय ना मी? पण टीव्हीला फेस लागतो. तो दात, तो रंग... क्लोजअपमधे लोक चॅनल बदलतात हो. आणि नाव टाकलं होतं मी. कुंदनने शेवट कापला, मी काय करू?"

मी म्हटलं, "मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"आधी सांगितलं असतं तर मळा दिला असता का?" तो म्हणाला आणि हसला. त्याला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. नाना उठले. जिन्यावरून उतरताना भिंत धरून उतरले.

आणि गाणं चाललं हो! असं चाललं की गणपतीत तेच, हळदीत तेच, रिक्षात तेच. वैष्णवीला कार्यक्रमांची बोलावणी यायला लागली. मागे साधनाचा आवाज लावायचा आणि पुढे हिने माइक धरून ओठ हलवायचे. रविवार कारंजाच्या चौकात एकदा तिला बघायला एवढी गर्दी जमली की आमचा टेम्पो अडकला. टेम्पोत आम्ही दोघी गुलाबाच्या जुड्यांवर बसलेल्या. साधनाने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि जुड्या मोजत राहिली. मी तिला म्हटलं, "उतर, जा, हिसकाव माइक." ती म्हणाली, "आणि कोण म्हणणार ही गाते? सगळ्यांनी तिला गाताना बघितलंय." तेव्हापासून तिने हळदीला जाणं सोडलं. मळ्यात कोणी ते गाणं गुणगुणलं तरी उठून दुसऱ्या वाफ्यात जायची.

दीड वर्षाने येवल्याचं स्थळ आलं. सोमनाथ, कांद्याच्या आडतीवर कामाला. नानांनी बजावलं, "त्या गाण्याचं एक अक्षर काढायचं नाय. उगाच खोटं बोलतात म्हणतील." लग्न झालं.

संक्रांतीचं वाण घेऊन मी येवल्याला गेले, तर नेमकी लग्नाची सीडी तयार होऊन आली होती. सासू अंबूबाई, सोमनाथ, शेजारच्या दोन बाया, सगळे टीव्हीपुढे. साधना सगळ्यांच्या मागे, दाराच्या उंबऱ्याशी. आधी ती गुलाबाच्या फुलात दिसली, मग बदामात. मग पाठवणी सुरू झाली. पडद्यावर साधना काकूच्या गळ्यात पडून रडतेय, आणि मागे गाणं लागलं. 'पाटीत माझ्या ऊन भरलं.' तिकडच्या मिक्सिंगवाल्याने हौसेने मधेच वैष्णवीचा तुकडाही घातलेला. रडणाऱ्या साधनाच्या डोक्यावरून वैष्णवी पळत गेली.

"काय गोड गळा हाय बाई त्या पोरीचा," अंबूबाई म्हणाल्या.

नानांची ताकीद गेली चुलीत! मी ताडकन उठले. "अहो, तो गळा तुमच्या सुनेचा आहे! गाणं हिचं आहे, मळा आमचा आहे. ती बया नुसते ओठ हलवते!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सोमनाथने टीव्हीकडे बघितलं, मग साधनाकडे. "खरं का गं?" साधना उंबऱ्याकडे बघत राहिली. मी तिचा दंड धरून हलवला. "म्हण. तुला माझी शपथ आहे, आत्ताच्या आत्ता म्हण."

सोमनाथने टीव्ही बंद केला. साधनाने डोळे मिटले आणि गायली. इतक्या दिवसांनी गळा पहिल्यांदा जरा अडखळला, मग सुटला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. अंबूबाईंच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. मला रडू फुटलं. म्हटलं, झालं एकदाचं, बघितलं लोकांनी.

गाणं संपलं. अंबूबाई मायेने हसल्या. अगदी मनापासून. साधनाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हुबेहूब गं बाई! त्या पोरीचीच नक्कल करती. तिची सर नाय यायची, पर घरातल्या घरात लय झालं."

शेजारच्या बायांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडणार, एवढ्यात साधनाने माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. मग सासूकडे वळली आणि हसली, दातावर पदर धरून.

"टीव्हीवर ऐकून ऐकून पाठ झालं, आत्याबाई," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

सोमनाथने टीव्ही पुन्हा सुरू केला आणि ते गाणं पहिल्यापासून लावलं.