पासंगाची बाई

"हिला बसवा."

शेटनी बोट दाखवलं ते माझ्याकडे. भर मैदानात, स्टेजवर, मांडवातल्या सगळ्या डोळ्यांसमोर. नाव घेतलं नाही. माहीतच नव्हतं. मी त्यांच्या कारखान्यात बिस्किटांचे पुडे बांधत होते, आणि पुडे बांधणाऱ्या हातांना नाव कशाला लागतं?

स्टेजवर मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात उमेदवार साहेब मांडी घालून बसलेले. गळ्यात हार, कपाळाला टिळा, पोट मांडीवर. दुसऱ्या पारड्यात आमच्या कंपनीची बिस्किटं. साहेबांच्या वजनाची बिस्किटं तोलायची आणि गोरगरिबांना वाटायची, असा कार्यक्रम. पुड्यांवर पुडे रचले, खोकी रिकामी झाली, तरी साहेब आपले जमिनीला टेकलेले. लोक खुसखुसायला लागले. तेव्हा शेटनी इकडेतिकडे बघितलं, आणि पुडे पुरवायला आणलेल्या आम्हा बायांवर त्यांचं बोट थांबलं.

माझ्यावरच का? तर मी सगळ्यांत काटकुळी. सुकटीसारखी. वजन जरासंच कमी पडत होतं. आमची इंदू बसली असती तर साहेब छपराला लागले असते.

हे आज कळतं. तेव्हाच्या त्या बयेला काय वाटलं माहितीय? बयाच म्हणते मी तिला, दुसरं काय म्हणू? बयेला वाटलं, आपण आज छान दिसतोय. अबोलीचा गजरा माळला होता ना केसात. म्हणून बोलावलं.

स्टुलावर चढली आणि बसली. पदर सावरून, पुड्यांवर, नवरात्रातल्या देवीसारखी. पारडं खाली आलं, साहेब वर गेले, काटा मधोमध. टाळ्या. फोटोवाला पुढे आला तर बयेने मान जरा तिरकी केली.

साहेबांनी माईक मागितला. म्हणाले, "शेट, बिस्किटं तर वाटायची. ही पण वाटायची काय?"

शेट म्हणाले, "घेऊन जा ना साहेब. आमच्या कंपनीकडून."

मांडव हसला. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायकासुद्धा हसल्या, तोंडाला रुमाल लावून. आणि मी? मीही हसले. एवढी मोठी माणसं आपल्याबद्दल बोलतायत म्हणून. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. त्या दोघांच्या बोलण्यापेक्षा जास्त.

तराजूचंही सांगते. तो आमच्या डोंगराखालच्या लाकूड-कोळशाच्या वखारीतला. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर आमची खोली होती, आणि सरपण मी त्याच वखारीतून आणायची. त्याचं एक पारडं मुळातच जड. वखारवाला दुसऱ्या पारड्याला पासंगाचा दगड बांधून ते सारखं करायचा. स्टेजवर न्यायचा म्हणून त्याने तराजू धुतला, दगड सोडला आणि त्या जागी झेंडूचे हार बांधले. साहेबांना बसवलं ते नेमकं जड पारड्यात. दगड गेला, त्याच्या बदल्यात बाई आली. घरी जाऊन बघितलं तर लुगड्याला मागून, साखळीला टेकले तिथे, कोळशाचा काळा पट्टा. धुऊन गेला नाही.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं? माझ्या नवऱ्याची गिरणी संपात बुडाली होती. तो घरी, मी साकीनाक्याला बिस्किटाच्या कारखान्यात. पॅकिंगला आम्ही सगळ्या टेंपररी. काही महिने कामाला ठेवायचं, मग थोडे दिवस घरी बसवायचं, मग परत नवीन म्हणून घ्यायचं. म्हणजे कायद्याने कधी कायम करायला नको. कायम झालेल्याला दवाखान्याचं कार्ड मिळे, रजा मिळे, उद्याची भाकरी आज दिसे. नवऱ्याला खोकला लागला होता. पोरगी शाळेत घातली होती. मला बाकी काही नको होतं. तो एक शब्द हवा होता. परमनंट.

त्या वर्षी विधानसभेची निवडणूक होती. कंपनीने राजकीय पक्षाला पैसे द्यायला तेव्हा कायद्याने बंदी. आमचे शेट कायद्याला फार मानत. म्हणून ते पक्षाला देत नसत, सत्कार समितीला देत. निवडणूक तोंडावर आली की उमेदवाराचा वाढदिवस येतो. तिकिटासाठी जन्मल्यासारखे सगळे त्याच मोसमात जन्मलेले. वाढदिवस आला की समिती बसते, समिती बसली की उमेदवाराची तुला होते. माल शेटचा, पुण्य साहेबांचं. समितीच्या स्मरणिकेत कंपनीची पानभर जाहिरात, तीही शुभेच्छा म्हणून. ती स्मरणिका विकत घेऊन कोण वाचणार होतं, देव जाणे.

आणि माल कसला? दुकानांतून परत आलेला, नरम पडलेला. आठवडाभर आम्ही तो नव्या कागदात गुंडाळत होतो, सुट्टी झाल्यावर थांबून. जादा कामाचा पगार विचारला तर आमचा सुपरवायझर दळवी म्हणाला, "वहिनी, समाजकार्य समजा." दळवी आमच्याच कोकणातला. नवऱ्याच्या ओळखीतला म्हणून मला वहिनी म्हणायचा. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाचं काम करायचा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बिस्किटं आमच्याच वस्तीत वाटली. माझी पोरगी, बेबी, शाळेतून येऊन रांगेत उभी राहिली. पुडा घेऊन घरी आली, पण फोडला नव्हता. दारातच उभी.

"आई, तुला कोणाला दिली?"

"कोणाला म्हणजे?"

"रांगेत सगळे विचारत होते. बिस्किटं इथे आली, बाई कोणाच्या वाट्याला गेली."

नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता. ज्या माणसाने गिरणीच्या फाटकावर पोलिसाची लाठी खाल्ली, तो बायकोच्या विटंबनेवर गप्प. कारण चूल माझ्या पगारावर पेटत होती. त्याचं गप्प बसणं मला कळलं, म्हणूनच जास्त लागलं.

मी पोरीला म्हटलं, "कोणाला नाही दिली. गंमत केली त्यांनी."

पोरगी म्हणाली, "मग तू खाली का नाही उतरलीस?"

आठ-नऊ वर्षांचं पोर. मी तिच्या हातातला पुडा शेजारणीला देऊन टाकला. कारखान्यात गेले तर इंदू पॅकिंगच्या टेबलावरून ओरडली, "काय गो, तुझा वाटप झाला?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही, ते इंदूने बघितलं. नंतर येऊन माझ्या वाटणीचे चार पुडे तिने बांधले. माफी मागायची तिची ती रीत.

आठवडा गेला आणि विरोधी उमेदवाराचा वाढदिवस आला.

बिस्किटं आमचीच. कागद तोच, वरची पक्षाची पट्टी फक्त दुसऱ्या रंगाची. मी अशी वेडी की मला वाटलं कोणीतरी चूक केली. दळवीला जाऊन सांगितलं, अहो, हे तर समोरच्या पक्षाचे. दळवी माझ्याकडे बघत राहिला. इंदू हसता हसता टेबलावर पडली. म्हणाली, "गो बाय, शेट दोनय पारड्यांत बिस्किटा टाकता. कुत्रो खंयचोय येवंदे, शेटवर भुंकाचो नाय."

निवडून कोणीही येवो, तो शेटचं खाल्लेलाच. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. कारखान्याचे इन्स्पेक्टर येतात, ऑफिसात चहा पितात आणि पॅकिंगकडे न बघता जातात. युनियनचा माणूस फाटकावर आला की पोलीस त्याला हाकलतात. हे फुकट होत नव्हतं. आम्हाला कायम न करण्याची किंमत शेट भरत होते, आणि आमच्याच हातांनी पुड्यात बांधून भरत होते. मी त्या पारड्यात बसून माझ्याच विरुद्ध वजन टाकलं होतं. मान तिरकी करून.

दळवी दुपारी परत आला. "वहिनी, रविवारी तुम्हालाच बसायचंय."

"हे साहेब तर बारीक आहेत. बिस्किटं पुरतील."

"पुरतील. पण मागच्या वेळी पब्लिक खूश झाली ना. शेट म्हणाले, माल मुद्दाम कमी रचा आणि हिला बसवा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "निवडणूक झाली की परमनंट. शेटचा शब्द आहे."

खोटं कशाला सांगू? मी हो म्हटलं. सगळं कळूनसुद्धा हो म्हटलं. कळणं आणि उतरणं यांत दवाखान्याचं कार्ड उभं होतं. रविवारी गजराही माळला. बयेचं वेड काय लगेच जातं?

मैदान तेच. तराजू तोच. दगड याही वेळी सोडलेला. आमच्या वस्तीतली पोरं पुढे ताडपत्रीवर बसवली होती, बिस्किटांच्या आशेने. साहेब पारड्यात बसले, माल रचला, ठरल्याप्रमाणे कमी पडला. शेटनी चेहरा असा केला की जणू आत्ताच कळलं. माईक घेतला.

"आमची कंपनी कधी कमी पडत नाही. बिस्किटं कमी पडली तर बाई टाकतो."

लोक हसले. मी स्टुलावर चढले होते. एक पाय उचललेला. टाकतो म्हणाले. बसवतो नाही, टाकतो. खाली बघितलं तर ताडपत्रीवर बेबी. ती हसत नव्हती. माझ्या तोंडाकडेही बघत नव्हती. माझ्या पायाकडे बघत होती.

मी पाय खाली ठेवला.

"शेट," मी म्हटलं, "देणगी तुमची ना? मग तुम्ही बसा."

मी काही भाषण करायला बोलले नाही. पण माईक शेटच्या हातात, तोंडापासून लांब, माझ्याकडे वळलेला. सगळ्या मैदानात ऐकू गेलं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "बसा शेट, बसा." आणि मांडव हसला. पहिल्या वेळी हसला होता त्यापेक्षा मोठ्याने. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायकांचे रुमाल परत तोंडाला गेले. पारड्यातले साहेबही हसत होते.

शेटनी माईक खाली केला. दातांतल्या दातांत म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही."

मी म्हटलं, "मग आज तरी कशाला?" आणि उतरले.

इथे गोष्ट संपली असती तर मीही माझ्या शौर्याच्या कथा सांगत फिरले असते. संपली नाही. मी चार पावलं गेले नसेन, मागे शेटचा आवाज आला.

"दळवी. तू बस."

दळवीने चपला काढल्या. नीट जोडून ठेवल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. स्टुलावर चढला आणि पुड्यांवर बसला. दळवी जड. साहेब फाटकन वर गेले आणि साखळी धरून लोंबकळले. लोक हसून लोळले. दळवी मात्र पुड्यांवरची पट्टी बघत बसला होता. वर बघेना.

मी त्याच्याकडे बघत राहिले. कारण दळवी परमनंट होता.

ज्या शब्दासाठी मी पाय उचलला होता, तो शब्द त्याच्याकडे कधीचा होता.

माझं काम गेलं. स्टेजवर माझ्या मागे उभी राहून मोठ्याने हसली म्हणून इंदूचंही गेलं. मी फरसाणच्या गाळ्यात लागले, मग घरोघर पोळ्या केल्या. नवऱ्याचा खोकला दवाखान्याच्या कार्डावाचून वाढला, आणि त्याची किंमत मी भरली, शेटनी नाही. निवडून कोण आलं ते मला आठवत नाही. शेटलाही आठवत नसेल. थोड्याच दिवसांत कायदा बदलला, कंपन्यांनी पक्षांना उघड देणगी द्यायची सोय झाली. इंदू म्हणाली, "आता तुका चेकान देतले."

इंदू गेली. मी बोरीवलीला बेबीकडे असते. आमची इमारत पाडून नवी बांधायची चाललीय. परवा एक तरुण आला, पांढराशुभ्र शर्ट, पायाबिया पडला. रविवारी म्हणे उमेदवार साहेबांच्या हस्ते ज्येष्ठ मातांचा सत्कार आहे.

"आजी, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त स्टेजवर बसायचं."

मी विचारलं, "शाल कोणाची?"

"साहेबांची."

"पैसे कोणाचे?"

जरा घुटमळला. मग म्हणाला, "बिल्डरसाहेबांनी स्पॉन्सर केलंय. पण तुम्हाला काय करायचंय आजी त्याचं? तुम्ही मान घ्या."

तोच बिल्डर. आमच्या खोल्या किती मोठ्या द्यायच्या, यावर ज्याच्याशी सोसायटीचं भांडण चाललंय.

नात म्हणते, नको जाऊस आजी, उगाच तमाशा होईल. बेबीने माझ्या पायांकडे बघितलं.

मी जाणार आहे. गजरा माळून जाणार, म्हातारपणी एवढा नखरा चालतो. बसणार मात्र नाही. उभी राहून माईकवर विचारणार की आम्हा म्हाताऱ्यांना कोणी, कोणाला आणि कशाच्या बदल्यात दिलंय. लोक हसतील. हसू देत.

या वेळी मी हसणार नाही.