चमचाभर आयोडीन आणि सावनेरचे पोहे

कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहा अंगावर सांडेल आणि मला बोल लावाल. लोक प्रेमात पडतात आणि मग मूर्खपणा करतात. मी आधी मूर्खपणा केला आणि मग प्रेमात पडलो, तेही बाटलीतून!

गोष्ट बाहत्तर-त्र्याहत्तरची. मी धरमपेठेत राहायचो, एका कापूस दलालाकडे कारकून होतो आणि वय अठ्ठावीस. मला रोग एकच, झोप! खिडकीच्या वाळ्याच्या ताटीवर पाणी पडलं, तो ओला गार वास आला, की मी उघड्या डोळ्यांनी कुठेतरी तरंगत निघालोच. ते सुख काय वर्णावं! पण दोन ठिकाणी मुलगी बघायला गेलो आणि दोन्हीकडे तिच्या बापासमोर बसल्या बसल्या घोरलो. आता सावनेरचं स्थळ आलं होतं. मुलगी कुसुम, दवाखान्यात नर्स. दीड महिन्यानं बघायला जायचं होतं.

"यावेळी झोपला ना, तर तुह्यासाठी पोरगी पाहनं बंद!" आईनं बजावलं.

मी घाबरून वामनराव पेंटरला गाठलं. वामनराव डॉक्टरांच्या पाट्या रंगवायचे. पाट्या रंगवून कोणी डॉक्टर होतं का? पण त्यांचं मत तसं होतं.

"तुह्या गळ्यातली थायरॉईडची गाठ झोपून राहिली गा," माझा गळा चाचपत ते म्हणाले. "तिले आयोडीन पाज. रोज दोन थेंब."

"डॉक्टरले विचारू का?"

"काहून? त्याची पाटी कोनं रंगवली?"

बाटली आणली. आता वामनरावांनी थेंब सांगितले होते, हे खरं. पण दोन थेंबांनी फार तर दोन डुलक्या जातील, माझ्या झोपेला चमचाच हवा, असा हिशेब मीच केला. सकाळ-संध्याकाळ, दुधातून!

तिसऱ्या आठवड्यात झोप उडाली. छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, जेवूनही सदरा ढगळ होत चालला. खिशात कुसुमचा फोटो होता. छाती धडधडली की मी फोटो बघायचो, आणि फोटो बघावा तर छाती धडधडतच असायची. दुसरं काय असणार? मला प्रेम झालं होतं!

सावनेरच्या बसमध्ये आई शेजारी बसली होती. बाहेर संत्र्याच्या बागा मागे सरकत होत्या आणि मला वाटत होतं, बस चालतच नाही, मीच हलका होऊन उडतोय. इतका सुखी मी कधीच नव्हतो.

कुसुमनं चहा आणला. माझ्या हातात कपबशी टाळासारखी वाजायला लागली.

"तब्येत बरी नाही का जी?" तिच्या वडिलांनी विचारलं.

मी ताडकन उठलो. "बिमारी नाही जी, हे प्रेम हाये! फोटो पाहिला तवापासून झोप नाही, छाती ठिकान्यावर नाही!"

आईनं पदर तोंडावर घेतला. कुसुम माझ्या बोटांवरच्या तपकिरी डागांकडे बघत होती.

"तोंडाले लोखंडावानी चव येते का?" तिनं विचारलं.

मला आभाळ ठेंगणं झालं. "येते! म्हंजे तुम्हालेबी?"

"मले काहून येईन? मी आयोडीन नाही पीत."

तिनं माझं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणा मुलीनं माझा हात धरला, आणि ती ठोके मोजत होती!

"असंच पीत राहिले तर एक दिवस जीव जाईन," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "बाबा, यायले आधी डॉक्टरकडे न्या. बाकीचं मग पाहू."

डॉक्टरांनी आधी बाटली काढून घेतली आणि मग मला यथेच्छ झापलं. दोन-तीन महिन्यांत छाती शांत झाली, आणि मला खरी भीती तेव्हा वाटली. धडधड गेली, आता प्रेमही गेलं तर? पण फोटो बघितला तर ती तशीच हवीशी वाटत होती, फक्त शांतपणे.

पुन्हा सावनेरला गेलो. या वेळी कुसुमनं पोहे पुढे ठेवले.

"बोला आता," ती म्हणाली.

काय बोलू? मागच्या वेळचं सगळं आयोडीन बोललं होतं. मी स्वतःहून एवढंच म्हणालो, "पोहे मस्त केले तुम्ही."

पोहे शेजारणीनं केले होते.

कुसुमनं कपाळाला हात लावला. मग वडिलांना म्हणाली, "बाबा, माह्याकडून हो सांगा. यायले एकटं सोडलं, तर उद्या कोनी सांगितलं म्हनून हे फिनाईलबी पितीन!"