फोडणीचा आळ

आमच्याकडे ताप लांबला की त्याचं नाव बदलतं. मग तो ताप राहत नाही, मोतीझरा होतो. आजाऱ्याच्या मानेवर, छातीवर घामोळ्यांसारखे बारीक दाणे दिसले की म्हाताऱ्या बायका ‘मोती दिसले’ म्हणतात आणि त्या घडीपासून घराचे कायदे वेगळे. आजाऱ्याला सुई टोचायची नाही, टोचली तर मोती आत पळतात. घरात फोडणी घालायची नाही, तेलाच्या वासानं देवी कोपते. मनुका आणि लवंग उकळून पाणी पाजायचं आणि देवी आपणहून जायची वाट बघायची. बुऱ्हाणपूरच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी आज सिस्टर आहे, तिथे अजूनही अशी वाट बघून थकलेली घरं येतात. त्यांच्यावर मी ओरडते. बाकीच्या सिस्टर म्हणतात, तुझं तोंड फार आहे. आहेच.

आमचं घर फोपनारचं, केळीवाल्यांचं. मी नववीत होते त्या उन्हाळ्यात आईला ताप आला. आठवडा गेला, तरी उतरेना. मोती दिसले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरात सांगून टाकलं की आता चुलीवर तेल चढणार नाही. तेव्हा आबा आणि काका एकत्रच राहत होते. काकी, आबांच्या धाकट्या भावाची बायको, आणि आई एका चुलीवर स्वयंपाक करायच्या. काकीची पोरगी तेव्हा लहान होती. पांढरं वरण आणि भात खाऊन खाऊन ती कंटाळली, ताट ढकलायला लागली. एका दुपारी आबा शेतात असताना काकीनं मागच्या अंगणात तीन दगड मांडले आणि पळीभर तेलात लसूण-मोहरी टाकून पोरीच्या वाटीत ओतली. वास घरात आला. मी आईजवळ बसले होते, मलाही आला. खरं सांगायचं तर माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

त्याच दिवसांत गावातली नर्सबाई दारात आली होती. तिची पर्स, पांढरी साडी, धुळीनं भरलेल्या चपला मला आठवतात. ती ओट्याखाली उभी राहून आबांशी काहीतरी बोलली. मी आतल्या खोलीत होते, शब्द ऐकू आले नाहीत. एवढंच दिसलं की आबांनी हात जोडले आणि ती परत गेली. सुईवाली बाई म्हणून तिला परत पाठवली, एवढं मला कळलं आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. घरात मोतीझरा असताना सुईवाल्या बाईला कुणी आत घेतलं असतं?

आई गेली. दोन दिवस पोट दुखतं म्हणून कण्हत होती, मग पोट फुगलं, मग गेली. तिचं दहावं व्हायच्या आत ताई अंथरुणाला लागली. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, माझ्या वेण्या घालणारी ताई. तीही त्याच वाटेनं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस मला घरात काय चाललंय ते समजतच नव्हतं. कुणी पाणी दिलं की प्यायचे. कुणी म्हटलं ऊठ, की उठायचे. रडूसुद्धा आलं नाही मला, आणि बायका आपसात म्हणायच्या, पोरगी दगड आहे.

ताईच्या दहाव्याला माणसं जमली होती. कुठल्यातरी म्हातारीनं विचारलं, घरात काही चूकभूल झाली होती का? आणि कुणीतरी फोडणीचं सांगितलं. आबा उठून उभे राहिले. आबा मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. त्या दिवशीही मोठ्यानं बोलले नाहीत. सगळ्यांदेखत काकीकडे हात करून म्हणाले, “हिच्या फोडणीनं माहं घर खाल्लं.”

काकीनं पदर पुढे ओढला आणि ती खाली बसली. त्या पावसाळ्याआधीच अंगणात मधोमध भिंत उभी राहिली, काका-काकी पलीकडे राहायला गेले. भाऊ-भाऊ शेताच्या कामापुरते बोलू लागले. पण गावानं काकीला सोडलं नाही. कुणाच्या घरी ताप असला की काकीला दारातूनच परत फिरवायचे. फोडणीवाली म्हणायचे तिला, आणि पाठीमागे नव्हे, तिला ऐकू जाईल असं. काकीनंही ते मान्य केलं. तिनं स्वतः फोडणीचं खाणं सोडलं. पोरीला करून घालायची आणि आपण उकडलेल्या डाळीत मीठ टाकून भाकरी खायची.

बारावीनंतर मी नर्सिंगला जाते म्हणाले. लोकांना वाटतं, आई-बहीण गेली म्हणून सेवेची ओढ लागली. कॉलेजच्या मुलाखतीत मीही तसंच छान सांगितलं. खरं कारण असं की मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, भिंतीच्या या बाजूला मला श्वास घेता येत नव्हता. वाटलं होतं, आबा सुईचं काम म्हणून नाही म्हणतील. ते म्हणाले, जाय. बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारात जाऊन त्यांनीच मला पांढरे बूट घेऊन दिले.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट. आमच्या मॅडम हिंदीतून शिकवायच्या, आम्ही अर्ध्या मराठीत लिहून घ्यायचो. त्या दिवशी टायफॉइड होता. मॅडम म्हणाल्या, “गाँव में इसी को मोतीझरा बोलते हैं.” वर्ग हसला. असीरगडची एक मुलगी माझ्या शेजारी बसायची, ती म्हणाली, आमच्याकडेही फोडणी बंद करतात. मॅडम पुढे सांगत गेल्या. घाण पाण्यातून येतो. एका घरात एकाला झाला की दुसऱ्याला होऊ शकतो. औषध न घेता तिसरा आठवडा लागला तर आतड्याला छिद्र पडतं, पोट दुखतं, पोट फुगतं आणि पेशंट हातचा जातो. आणि औषध वेळेवर दिलं तर? मॅडमनी फळ्यावर औषधांची नावं लिहिली. साधी नावं, आमच्या वॉर्डाच्या कपाटात रोज दिसणारी. आदल्याच दिवशी त्यातलं एक मी माझ्या हातानं पेशंटला दिलं होतं.

माझे कान बंद झाले. मॅडमचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज येत नव्हता. पोट फुगतं. मॅडमनी ते दोन शब्द किती सहज म्हटले, आणि मला आईचं पोट दिसलं, लुगड्याच्या गाठीवर आलेलं. मग ताईचं. मी उठून बाहेर गेले, व्हरांड्यातल्या नळाखाली डोकं धरलं. तेव्हा मला रडू आलं. आणि रडता रडता एकच सुचलं की काकीनं काही केलेलं नाही. ही बाई फुकट मरतेय रोज, आणि हे तिला माहीतच नाही.

शनिवारी मी गाव गाठलं. घरी न जाता आधी भिंतीपलीकडे गेले. काकी तुरीची डाळ निवडत बसली होती. मी धाप लागलेली, एका दमात सगळं सांगून टाकलं. पाण्यानं झालं, जंतूनं झालं, तुझ्या फोडणीशी काहीही संबंध नाही. मला वाटलं होतं, ती रडेल, मला जवळ घेईल. निदान सुपडं तरी खाली ठेवेल. ती निवडतच राहिली.

“म्हंजे दवाई होती?” तिनं विचारलं.

“होती.”

“कुठी?”

“इथंच. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात.”

“ते नर्सबाई आली होती, ते तिथंच न्या म्हनत असन?”

इतका अभ्यास करून आले होते, पण विचार मी तिथपर्यंत नेलाच नव्हता. फोडणीचा दोष पुसला की मागे काय उरतं, ते या चौथी शिकलेल्या बाईच्या लगेच ध्यानात आलं होतं. दारातून नर्सबाईला परत पाठवणारा माणूस उरतो.

“तुह्या बापाले हे सांगू नको,” काकी म्हणाली. “मले सवय झाली आता. त्यायले नाही झेपायचं. बायको अन् पोरगी आपल्या हातानं घालवली, असं कळलं तं तो मानूस विहिरीत उडी घेईन.”

मी भांडले तिच्याशी. म्हटलं, लोक तुला काय काय बोलतात. ती म्हणाली, बोलू दे. मी म्हटलं, हे चूक आहे. ती म्हणाली, असन. शेवटी तिनं माझा हात धरून माझ्याकडून वचन घेतलं, आणि मी ते दिलं. एस.टी.त बसून परत जाताना मला नक्की कुणाचा राग येत होता तेही सांगता येत नव्हतं. मी पुरी हादरले होते.

वचन मी पाळलं, पण त्याची किंमत काकी भरत होती. गेल्या वर्षी तिच्या पोरीला स्थळ आलं. रावेरकडचे लोक, पोरगा बरा, बघणं झालं, पसंती झाली. मग त्यांना कुणीतरी गावातून सांगितलं की हिची आई ती फोडणीवाली, जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, घर बुडवलं तिनं. निरोप आला, पत्रिका जुळत नाही. मी काकीला म्हटलं, आता तरी बोलू दे मला. ती म्हणाली, वचन दिलंय तू.

आणि या उन्हाळ्यात आबांना ताप आला. चौथ्या दिवशी मीच त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आले. रक्त तपासलं, टायफॉइड निघाला. माझ्याच वॉर्डात भरती केलं. मी सलाईनची सुई लावायला बसले तेव्हा ते माझ्या हाताकडे बघत होते. शीर सापडली, पट्टी लावली, औषध सोडलं.

“हेच देनार होती ना ते बाई?” आबा म्हणाले.

“कोण बाई?”

“नर्सबाई. तुह्या आईले.”

मी इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. म्हटलं, “नाही आबा, आईचं वेगळं होतं. तेव्हा असं काही निघालं नव्हतं.”

“खोटं नको बोलू,” ते म्हणाले. “तिनं दारात सांगितलं होतं मले. आजच्या आज दवाखान्यात न्या, नाही तं वाचनार नाही, असं म्हने. ताईच्या वक्ताले अजून एक डाव आली होती. माहीत होतं मले.”

माझ्या हातात चिकटपट्टीचा तुकडा होता, तो हातालाच चिकटला. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “मग काकी?”

“कोनावर तरी घालाचं होतं,” आबा म्हणाले. “माह्यावर घेतलं असतं तं मी जगलो नसतो.”

हे बोलताना ते छताकडे बघत होते, म्हणून त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. काकी कॉटच्या पायाशी उभी होती. रोज काका डबा आणायचे, त्या दिवशी ते केळीच्या लिलावाला गेले होते, म्हणून ती आली होती. मुगाच्या पाण्याचा डबा दोन्ही हातांत धरून उभी. सगळं ऐकून उभी. तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. ज्याला मी वाचवत होते तोच मला बुडवत होता, हे माणसाला कळलं की चेहरा कसा होतो, ते मी तेव्हा बघितलं.

तिनं डबा टेबलावर ठेवला. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी थेट बोलत नाही. समोर असला तरी मधे कुणाला तरी घालून बोलते, घरातली पोरं असतातच त्यासाठी. काकीनं पदर नीट केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

“सांग त्यायले. मले वाटे त्यायले माहीत नाही, म्हनून मी गप्प होती. आता घरी आले की माणसं बोलवा म्हना. दहाव्याले बोलवली होती तितकी. अन् हे जे आता बोलले ना, ते तिथं बोला म्हना.”

आबा दोन हातांच्या अंतरावर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, डोळे मिटून घेतले होते. तरी मी वळले. वॉर्डात शेजारच्या कॉटवरची माणसं बघत होती, माझ्या अंगावर ड्यूटीचा पांढरा ड्रेस होता, आणि मी लहानपणी सांगायचे तसं सांगायला लागले, “आबा, काकी म्हणते...” सगळं पूर्ण सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “हो म्हन तिले.”

मी वळून बघते तर काकी वॉर्डाच्या दारातून बाहेर पडत होती. मी धावत गेले, तिला जिन्यात गाठलं आणि म्हटलं, आबा हो म्हणाले.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “बोलतीन तवा खरं.” आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली.