डाव्या हाताची साक्ष

नमस्कार करण्याआधी ते डावी बाही वर सारीत. नवख्याला वाटे, भांडणाची तयारी चालली आहे. ते मात्र खिडकीशी जाऊन हात उजेडात धरीत आणि म्हणत, "थांबा जी. कातडीला घाई नसते."

झाशीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात भांडी घासण्याचा द्रव तयार होई. मी व्यवस्थापक, ते परीक्षक. नवे मिश्रण कातडीला झोंबते का, हे ते ठरवीत. द्रवात भिजवलेली कापडाची पट्टी हातावर चिकटवायची, दोन दिवसांनी काढून लाली पाहायची. ते दोन दिवस त्यांना बसवत नसे. खाजवणे वर्ज्य, म्हणून उजवा हात खिशात कोंबून ते अंगणात फेऱ्या घालीत. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती थांबली की आपल्यालाच चुकल्यासारखे वाटते.

नियमाप्रमाणे ही परीक्षा अनेकांच्या हातांवर व्हावयास हवी. ते ऐकत नसत. "दुसऱ्याच्या लेकीबाळींचे हात का जाळायचे?" मीही आग्रह धरला नाही. ते सोयीचे होते.

एका उन्हाळ्यात नवे मिश्रण आले. पट्टी निघाली, हात स्वच्छ. त्यांनी सही केली. आठवड्याभरात बाटल्या भरणाऱ्या बायका दारात उभ्या राहिल्या. त्यांतली टहरौली गावची थोरली त्यांच्यापुढे झाली.

"बाबूजी, हाथ जर रए. तुमने कैसे पास कर दओ?"

तिचे हात जळजळत होते; बोटांची सालपटे निघाली होती.

 त्यांनी तोच द्रव प्रथमच उजव्या हातावर लावला. दुसऱ्या सकाळी तेथे लाल चट्टा उठला होता. दोन्ही हात त्यांनी माझ्या मेजावर शेजारी शेजारी ठेवले. वर्षानुवर्षांच्या पट्ट्यांनी डावा निबर झाला होता.

"याची साक्ष आता धरू नका."

"मिश्रण रद्द करतो. तुम्ही राहा."

"त्या बाईसमोर कसा राहू?"

दोष माझाही आहे, हे वाक्य मला सुचले होते. मी ते उच्चारले नाही. ते त्याच दिवशी गेले.

पुढे परीक्षा नियमाप्रमाणे होऊ लागली. बोटे बरी झाल्यावर पहिली बाही त्या थोरलीने वर केली. दुसरी मी.

नंतर एकदाच ते सदर बाजारात दिसले. मी हाक मारली. सवयीने त्यांनी डावी बाही दोन बोटे वर सारली. मग थांबले. बाही खाली ओढली, मनगटाचे बटण लावले, आणि मगच नमस्कार केला.